वरचे चार दात

हिरडीचा रोग दुखत नाही. त्याच्याबद्दल सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे आणि बाकीचे बहुतेक सगळे तिच्यातूनच निघते. दात किडला की माणूस गालाला हात लावून दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो. हिरडीतून रक्त आले की तो ब्रश बदलतो, नाहीतर ब्रश करणेच सोडून देतो. वर्षे जातात. मग एके दिवशी पेरू खाताना पुढचा दात हलतो, तेव्हा तो येतो आणि सांगतो, "कालपासून हलतोय."

मी इंदूरला गिरण्यांच्या वस्तीत, कामगारांसाठी चालणाऱ्या एका दवाखान्यात दंतवैद्य होते. शिक्षण संपल्यावर नोकरीचा हुकूम यायला दीड वर्ष लागले. ते दीड वर्ष मी एका हिंदी दैनिकाच्या शहर-पानावर काढले. तिथल्या वृत्तसंपादकांनी दोन सवयी लावल्या. जे पाहिले नाही ते लिहायचे नाही, आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर भूल-सुधार छापायचा. पहिली सवय दवाखान्यात उपयोगी पडली. दुसरीला तोंडात जागा नसते. हा लेख त्या दुसरीबद्दल आहे.

दातांची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. पायाने पंप मारून वर-खाली करायची खुर्ची, एक दिवा, उकळत्या पाण्याचे भांडे आणि खिडकीबाहेर गिरणीची भिंत. घड्याळाची गरज नव्हती. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की दहा मिनिटांत बाहेरचे बाकडे भरत असे. माणसे केसांत कापसाचे तंतू घेऊन यायची. भोंग्याआधी कोणी येत नसे आणि पुढच्या भोंग्यानंतर कोणी थांबत नसे.

दात हाडात रोवलेला असतो आणि वरून हिरडीने वेढलेला असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीकशी फट असते. तिथे अन्न साचते, त्याचा थर होतो, थराचा दगड होतो. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि फट खोल होते. आम्ही तिला पॉकेट म्हणतो. मी रोग्यांना खिसा असे सांगत असे, ते त्यांना लगेच कळायचे. एक बोथट सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती खिशात हलकेच सोडायची आणि वाचायची. दोन-तीन असेल तर ठीक. पाच म्हणजे काळजी. सात म्हणजे आतले हाड गेले. गेलेले हाड सहसा परत येत नाही. झाडाच्या बुंध्याची माती वाहून गेली की झाड उभे दिसते, पण हात लावला की हलते. तसेच हे.

उपाय पायरीपायरीने चढतात. आधी वरचा दगड काढून सफाई. खिसा खोल असेल तर सुन्न करून हिरडीच्या आत, मुळापर्यंत खरडणे. त्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रिया. हिरडी चिरून बाजूला करायची, मुळे डोळ्यांसमोर साफ करायची आणि टाके घालून हिरडी परत बसवायची. हलणारे दात शेजारच्या पक्क्या दातांना बांधून आधारही देता येतो. आणि शेवटी, काहीच उरले नसेल तर, काढणे. दवाखान्यात आमच्याकडे पहिला उपाय होता, दुसरा थोडाफार होता आणि शेवटचा भरपूर होता. मधल्यांसाठी दंत महाविद्यालयात पाठवावे लागे. तिथे चिठ्ठी घेऊन जावे लागे, फेऱ्या माराव्या लागत, पाळी बुडत असे. बहुतेक लोक चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत आणि पुढच्या वेळी दात काढायला येत.

सफाईला तर लोक शस्त्रक्रियेपेक्षा जास्त घाबरत. सफाई केली की दात हलतात, ही समजूत साऱ्या वस्तीत होती. सूतखात्यातले एक वयस्क मुकादम होते, लालारामजी. त्यांच्या खालच्या दातांमागे दगडाची सलग भिंत होती. मी हत्यार उचलले तसा त्यांनी माझा हात धरला.

"मॅडमजी, ये सीमेंट है. इसको निकालोगे तो दीवार गिर जाएगी."

मी त्यांना माती आणि झाड समजावले, अर्धा तास घालवला आणि दगड काढला. तिसऱ्या दिवशी एक दात भाकरीत निघून आला. लालारामजींनी तो तंबाखूच्या डबीत ठेवला आणि गिरणीतल्या प्रत्येक खात्यात फिरवला. महिनाभर माझ्याकडे सफाईला कोणी आले नाही. लालारामजी चुकले नव्हते. तो दात खरोखरच सीमेंटवर उभा होता, हाड आधीच गेले होते. मी त्यांना हे आधी सांगायला हवे होते. सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्यांनी सफाई करू दिली नसती. या धंद्यात असे हिशेब रोज करावे लागतात आणि ते नेहमीच बरोबर निघत नाहीत.

सफाईला पुन्हा जो पहिला माणूस आला तो माधव तायडे.

तायडे लूमखात्यात विणकर होते. वय चाळिशीच्या आत, अंगाने काटक, बोलणे कमी. त्यांचे बाकीचे तोंड त्या वस्तीच्या मानाने चांगले होते. वरचे पुढचे चार दात मात्र वेगळे. त्यांच्यामागची हिरडी जांभळी, फुगलेली, सळई लागताच रक्त. खिसे पाच आणि सहा. इतक्याच जागी एवढा रोग का, हे मला कळेना.

"तंबाखू?"

"खातो. लूमवर बिडी मना आहे नं मॅडम. तंबाखू मना नाही."

"पण तो तर गालात धरता. पुढे काय करता?"

त्यांनी थोडा विचार केला आणि हातांनी करून दाखवले. मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. त्यात सुताची कांडी असते. ती संपली की नवी बसवायची. तिचे टोक धोट्याच्या बारीक भोकाशी आणायचे, भोकाला तोंड लावायचे आणि जोरात श्वास आत ओढायचा. टोक बाहेर येते. मग धोटा परत मागात. सुई-दोऱ्याने ते होत नाही असे नाही, पण तेवढा वेळ कोणाकडे नसतो. भोकाच्या कडेला तेल असते, सुताची धूळ असते आणि त्याच धोट्याला पाळीपाळीने तोंड लावणाऱ्या दुसऱ्या विणकराची थुंकीही असते.

"दिवसातून किती वेळा?"

"गिनती कोण करतं? नजर हटली की लूम बंद. लूम बंद की जॉबरची शिवी." जॉबर म्हणजे मागांवरचा मुकादम.

दारातून त्यांचा सोबती बाबूलाल ओरडला, "धोट्याला पप्पी देतो आपला भिया, मॅडम! इतक्या पप्प्या भाभीला दिल्या असत्या तर घरात शांती असती." बाकडे हसले. तायडेही हसले, पण ओठ मिटून. पुढचे दात दाखवायचे नाहीत अशी सवय त्यांना तेव्हाच लागली होती.

मी उपाय सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वाजवता येईल नं?"

तायड्यांचे आजोबा महूच्या एका पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. वाद्य त्यांच्याकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून यांच्याकडे आले. लगीनसराईत पाळी बदलून घेऊन तायडे एका लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला जात. पुढच्या खेपेला त्यांनी ते वाद्य आणून दाखवले. काळ्या लाकडाचे, एक कळ सुताने बांधलेली. क्लॅरिनेट तोंडात धरताना खालचा ओठ दातांवर दुमडतात आणि वरचे दात थेट मुखाच्या तुकड्यावर टेकवतात. उजवा अंगठा वाद्य वर रेटतो. सगळा भार वरच्या पुढच्या दातांवर येतो. त्या तुकड्यावर दोन खाचा पडल्या होत्या.

"आजोबांचे दात, बाबांचे दात, माझे दात," तायडे म्हणाले. "एकाच जागी बसतात."

मी चार बैठकांत मुळापर्यंत सफाई केली. धोट्यासाठी तोंडाऐवजी तारेचा आकडा वापरायला सांगितले. त्यांनी तो स्वतः बनवला, जॉबरच्या शिव्या खाल्ल्या आणि वापरला. दर तीन महिन्यांनी दाखवायला या असे मी सगळ्यांनाच सांगत असे. नेमक्या तारखेला येणारे तायडे एकटेच. दीड वर्षात खिसे सहावरून चारवर आले. हिरडी गुलाबी झाली. महाविद्यालयातून शिकायला आलेल्या दोन मुलींना मी ते तोंड दाखवले. साधी सफाई वेळेवर केली तर काय होते, याचे उदाहरण म्हणून.

मग गिरणीच्या गेटवर कागद लागला.

शहरात हे पहिले गेट नव्हते. त्या वर्षांत एकेक भोंगा बंद होत गेला. त्याच वर्षांत मोठ्या रस्त्यावर काचेच्या दारांचे दातांचे दवाखाने उघडले. पानाच्या टपरीवर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. तंबाखू मळायचेही कष्ट उरले नाहीत. शहर वाढत होते. आमच्या खिडकीबाहेरची भिंत तेवढी गप्प झाली. भोंगा थांबल्यावर पहिले काही आठवडे माणसे वेळी-अवेळी येऊन बसत. दहाला आलेला माणूस एकपर्यंत बसून राही. नंबर पुकारला तरी उठत नसे. त्याला जायचे कुठे नव्हते.

गिरणी बंद झाली तरी कामगारांचे दवाखान्याचे कार्ड काही महिने चालणार होते. त्यानंतर नाव कटणार होते. ही बातमी वस्तीत पसरली आणि एक रीतच पडली. कार्ड आहे तोवर तोंडातले सगळे निपटवून घ्यायचे. जो दात आज हलतो तो उद्या पडणारच, मग तेव्हा कुठे जायचे? सकाळी बाकड्यावर माणसे एकमेकांना विचारत, "तुम्ही किती?" "तीन. तुम्ही?" "डॉक्टरनी मानली तर पाच." मी पहिल्या आठवड्यात समजावत होते. दुसऱ्या आठवड्यापासून काढत होते. त्यांतले काही दात सफाईने आणखी दहा वर्षे टिकले असते. हे मला तेव्हाही माहीत होते.

तायडे त्या गर्दीत आले नाहीत. तीन तारखा चुकवून ते कार्तिकात आले, सोबत त्यांची पत्नी कमलबाई. आता ते बँडमध्ये रोजचे वादक झाले होते. दुसरे काम नव्हते. सराव वाढला होता आणि खिशात पुड्या आल्या होत्या. मी सळई घातली. सात. आठ. सात. सात. बोटाने दाबले की चारही दात पुढे-मागे होत.

"सूर धरला की सरकतात," तायडे म्हणाले. "आत काहीतरी उतरल्यासारखं वाटतं."

मी सांगितले की आता सफाईने भागणार नाही. महाविद्यालयात जाऊन हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल. त्यानंतर दीड-दोन महिने वाद्याला तोंड लावायचे नाही. पुडी तर कायमची बंद. इतके केले तर दात बहुधा राहतील.

"दोन महिने कधीपासून?"

"लगेच."

देवउठनी एकादशी आठ दिवसांवर होती. त्या दिवसापासून लग्ने सुरू होतात.

कमलबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सीझन घरात बसून काढला तर बँडवाला दुसरा माणूस ठेवेल. मग ते दात काय आरशात पाहायला ठेवायचे? बाई, तुम्ही आत्तापुरतं काही करा. सीझन झाला की मी स्वतः यांना धरून आणते."

इथे दोन उत्तरे होती. एक, नाही म्हणायचे आणि त्यांना तसेच जाऊ द्यायचे. दुसरे, मी दिले ते. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत बारीक पोलादी तारेने सहा दात एकमेकांना बांधायचे. पुढून एक वेढा, मागून एक, मधल्या फटींतून पीळ. दात हलायचे थांबतात. रोग मात्र थांबत नाही. खालचा खिसा तसाच राहतो, उलट तारेमागे साफ करणे अवघड होते. म्हणून हा उपाय एकट्याने करायचा नसतो, मूळ उपचारासोबत करायचा असतो. हे पाठ्यपुस्तकात आहे आणि मी ते वाचले होते.

मी वरवरची सफाई केली आणि तार बांधली. तायडे हातातल्या आरशात पाहत होते.

"हे तर विणकामच आहे," ते म्हणाले.

तोंडात कापसाच्या गुंडाळ्या होत्या तेव्हा मी सांगितले की हे तात्पुरते आहे, दर पंधरा दिवसांनी दाखवायचे, तार हा उपचार नव्हे. त्यांनी मान हलवली. तोंडात हत्यार असताना सांगितलेले रोगी ऐकत नाही, तो फक्त मान हलवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे मला माहीत असायला हवे होते. कमलबाई तेव्हा पुढच्या नोंदणीच्या खिडकीवर कार्डावर शिक्का घ्यायला गेल्या होत्या.

मग तायड्यांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढले आणि उभ्यानेच दोन ओळी वाजवल्या. खोली लहान होती, आवाज मोठा झाला. बाकड्यावरून बाबूलालने "वाह भिया" केले. मी केसपेपरवर इंग्रजीत लिहिले. तायड्यांनी विचारले, "काय लिहिलं?"

"दात पक्के आहेत. वाजवता येतं. सीझननंतर पुन्हा पाहायचं."

वाक्ये तिन्ही खरी होती. त्या क्षणी खोलीत असलेल्या कोणालाही ती तपासून पाहता आली असती. बातमी म्हणून त्यांत चूक काढता आली नसती.

ते पंधरा दिवसांनी आले नाहीत. महिन्यानेही नाही. मी कोणाला पाठवले नाही. पत्ता केसपेपरवर होता. पुढे काय झाले ते मला नंतर त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळले.

माघात बँड बेटम्याला एका लग्नाला गेला होता. वाजवतानाच तार तुटली आणि टोक ओठात शिरले. त्यांनी रुमाल लावून वरात पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. खिडकीवरच्या कारकून बाबूने कार्ड पाहिले आणि परत दिले. "आपका नाम कट गया है." त्या महिन्यात मुदत संपली होती. बाबू नियमाप्रमाणे वागला. मी तेव्हा वीस पावलांवर, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडावर वाकलेली असणार. नुसते विचारायला आत येता येते, हे तायड्यांना कोणी सांगितले नव्हते. कार्ड संपले म्हणजे बाई संपल्या, असे त्यांनी धरले.

ते घरी गेले. घरात गिरणीच्या सुताची एक कांडी होती.

ज्येष्ठात, लग्ने संपल्यावर, ते आले. कमलबाई शब्दाप्रमाणे सोबत होत्या. खिडकी त्या वेळी रिकामी होती, कोणी अडवले नाही. तायड्यांनी खुर्चीत बसून ओठ वर केला.

सहा दात पांढऱ्या सुताने बांधलेले होते. तारेचा माझा बांधा त्यांनी आरशात पाहिला होता, तो त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता. पुढून वेढा, मागून वेढा आणि प्रत्येक फटीत एक गाठ. तुटलेले सूत जोडताना विणकर जी गाठ मारतात ती. चिमटीएवढ्या जागेत, बोटांनी, भिंतीवरच्या आरशात उलटे पाहून मारलेल्या पाच गाठी, पाचही एका मापाच्या. पोलादी तारेनेही इतके सारखे काम मी त्याआधी केले नव्हते आणि नंतरही मला जमले नाही.

"दर रविवारी नवा बांधत होतो," ते म्हणाले. "हलले नाहीत, मॅडम. पूर्ण सीझन वाजवला."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. आपण सांगितलेले पाळले, सीझननंतर आलो, असा.

सूत ओले राहते. तार निदान काही शोषून घेत नाही. त्या सुतामागे हिरडी काळपट झाली होती आणि बोट दाबताच पू आला. सळई शेवटच्या खुणेपर्यंत गेली. तिच्या पुढे मोजायला काही नव्हते. क्ष-किरण चित्रात दोन सुळे अजून हाडात होते. मधले चार दात, मुळांसकट, धाग्याला लटकलेले.

"आता ती सर्जरी?" कमलबाईंनी विचारले.

"आता नाही."

"म्हणजे पुढच्या महिन्यात?"

"म्हणजे काढावे लागतील. चारही."

बाहेर बाकड्यावर कोणी नव्हते. त्या दिवसांत बाकडे बहुधा रिकामेच असे. कमलबाई नवऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होत्या. "पण बाई, तुम्ही पक्के म्हणाला होता. हे सगळ्यांना सांगत फिरले, बाईंनी पक्के लिहून दिले."

मी म्हटले, तार तात्पुरती होती, मी त्या दिवशी सांगितले होते. हे म्हणताना मला कापसाच्या गुंडाळ्या आठवल्या.

"राहू दे गं," तायडे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, शांतपणे, कोणी तपशील दुरुस्त करावा तसे, "तुम्ही पक्के म्हणाला, म्हणून मी पक्के धरले."

सुन्न करण्याचे इंजेक्शन रिवाजापुरते दिले. चिमटा लागला नाही, फक्त सूत कापायला कात्री लागली. दोन टोकांना सुळ्यांजवळ कापले आणि ओढले, तर चारही दात एकदमच आले. ओळीत, एकमेकांना बांधलेले, जसे तोंडात होते तसे. मी ते ट्रेमध्ये ठेवले. तायड्यांनी कापूस दाबून धरला होता. थोड्या वेळाने तो काढून त्यांनी ट्रेकडे पाहिले.

"गाठ सुटली का?"

"नाही."

"ती सुटत नाही," ते म्हणाले.

नंतर त्यांना महाविद्यालयातून चार दातांची कवळी मिळाली. तिची चिठ्ठी मी दिली. कार्ड नसताना चालेल अशी शब्दरचना केली आणि एका ओळखीच्या प्राध्यापकांना भेटून आले. इतके मी कार्तिकातच केले असते तर, हा विचार अर्थातच त्या जिन्यात आला. कवळीने त्यांना भाकरी खाता येऊ लागली, बोलता येऊ लागले. ते दाखवायला आले तेव्हा वाद्य घेऊन आले होते. दात टेकवले, अंगठ्याने वाद्य वर रेटले, तशी कवळी टाळूवरून सुटली. पुन्हा लावली. पुन्हा सुटली. मी सुचवले की दात न टेकवता दोन्ही ओठ दुमडून धरून पाहा, काही वादक तसे वाजवतात. त्यांनी प्रयत्न केला. एक सूर निघाला, तुटला, नुसती हवा आली. त्यांनी रुमालाने मुखाचा तुकडा पुसला, खाचांवरून एकदा अंगठा फिरवला आणि वाद्य पिशवीत ठेवले. म्हणाले, "सराव करतो."

त्यांच्या केसपेपरवर मी शेवटची नोंद केली. वरचे चार दात काढले, कवळी दिली. आधीच्या नोंदीतला 'पक्के' हा शब्द खोडला नाही. नोंद खोडायची नसते. तिच्या खाली भूल-सुधार लिहायलाही त्या कागदात जागा नव्हती.

कामाचे म्हणून एवढेच बदलले. त्यानंतर मी कोणाच्याही तोंडात काही असताना काही सांगितले नाही. आधी सगळी हत्यारे बाहेर, गळ्यातला टॉवेल बाहेर, माणूस ताठ बसलेला, आणि घरातले एक माणूस समोर. मग त्यांच्याकडून मी सांगितलेले परत वदवून घ्यायचे. याला पाच मिनिटे जास्त लागतात. नवे डॉक्टर हसत. मी त्यांना तायड्यांची गोष्ट सांगत नसे, फक्त पद्धत दाखवत असे. दवाखान्यात नंतर विजेवर घरघरणारी सफाईची यंत्रे आली. दातांच्याच रंगाच्या लेपाने चिकटवायचे असे बांधे आले की तार लागत नाही. औषध आधीचेच राहिले, लवकर येणे आणि तारखेला येणे. ज्यांना ते सांगायचे ते त्या वस्तीतले लोक तोवर पांगले होते.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी, हिवाळ्यात, एका दुपारी मी राजेंद्र नगरहून अन्नपूर्णेच्या बाजूला चालले होते. देवळाजवळ वरात अडकली होती. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड. लाल कोट, सोनेरी पट्ट्या. वाजवणारे पाच-सहा आणि वर्दीतले पंधरा. लग्नाच्या बँडमध्ये ही जुनी रीत आहे. रांग मोठी दिसावी म्हणून वर्दी घालून, हातात वाद्य देऊन माणसे उभी करतात. त्यांनी वाजवायचे नसते. चालायचे आणि वाद्य तोंडाजवळ धरायचे.

दुसऱ्या रांगेत, कडेला, तायडे होते. केस पांढरे झालेले. हातात काळ्या लाकडाचे क्लॅरिनेट, एक कळ सुताने बांधलेली. मुखाचा तुकडा मिटलेल्या ओठांवर नुसता टेकवलेला.

त्यांनी मला पाहिले. ओळख दाखवायला एक भुवई किंचित वर केली, एवढेच. रांगेत असताना थांबायचे नसते.

त्यांच्या शेजारी एक बाई पर्स सांभाळत नाचत होती, नोटा उडवणारी मुले मध्ये-मध्ये येत होती. पुढच्या रांगेतला खरा क्लॅरिनेटवाला तरुण होता, मुख्य चाल तोच वाजवत होता. मी तायड्यांची बोटे पाहत राहिले. ती स्थिर नव्हती. त्या तरुणाच्या प्रत्येक सुराबरोबर ती कळांवर पडत होती आणि उठत होती. वळणावर घोडा बिचकला, धक्काबुक्की झाली, त्या तरुणाचा श्वास तुटला आणि चाल मध्येच थांबली. ढोल एकटाच वाजत राहिला.

तायड्यांची बोटे थांबली नाहीत. उरलेली ओळ त्यांनी शेवटच्या सुरापर्यंत पूर्ण केली आणि मग ओठांवरून वाद्य खाली घेतले.